रात्रीचा प्लाझ्मा वाऱ्याचा ताबेदार नाही

विषुववृत्ताजवळच्या आयनांबराविषयी पदव्युत्तर वर्गात एक वाक्य हमखास शिकवले जाते. सूर्य मावळला की खालचा ई थर विरतो, वरच्या एफ थराला मोकळीक मिळते आणि तिथला प्लाझ्मा पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर वाहू लागतो. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत गुण मिळवून देणारे आहे. पुढे त्याच्यावर बरेच इमले चढवले जातात. प्लाझ्माच्या बुडबुड्याचा, म्हणजे विरळ प्लाझ्माच्या कप्प्याचा, वेग मोजला की वाऱ्याचा वेग मिळाला असे धरायचे, आणि वाऱ्याचा नकाशा हाती आला की प्लाझ्माच्या गतीचे मॉडेल जवळजवळ झालेच असे समजायचे. हे मत मला मान्य नाही. ते साफ खोटे असते तर पन्नास वर्षे टिकले नसते. एका विशिष्ट परिस्थितीत ते खरे ठरते. पण ती परिस्थिती रात्रीच्या काही तासांपुरती, काही उंचीपुरती असते, आणि नेमके हेच सांगायचे राहून जाते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. समोरच्याचे म्हणणे लंगडे करून मांडायचे आणि मग ते पाडल्याचा आव आणायचा, यात काही पुरुषार्थ नाही.

पेरूमध्ये लिमा शहराजवळ हिकामार्काची रेडिओ वेधशाळा आहे. सुमारे ३०० मीटर बाजूच्या चौरसात १८,४३२ द्विध्रुव अँटेना जमिनीलगत पसरलेल्या आहेत. हे रडार साधारण ५० मेगाहर्ट्‌झवर चालते आणि ते चुंबकीय विषुववृत्तावरच असल्याने माथ्यावरच्या प्लाझ्माचा वेग थेट मोजू शकते. तिथली पूर्व-पश्चिम वेगाची मोजमापे रोनाल्ड वुडमन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. दिवसा प्लाझ्मा पश्चिमेकडे सरकतो, सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरने. रात्री पूर्वेकडे, शंभराहून अधिक मीटरने. चोवीस तासांचा हिशेब मांडला तर तो पृथ्वीपेक्षा अधिक वेगाने पूर्वेकडे फिरतो. वरच्या वातावरणातला वाराही तसाच फिरतो. हेन्री रिशबेथ यांनी १९७१ साली एफ थराच्या डायनॅमोची कल्पना मांडून या दोहोंची सांगड घालून दिली होती. पुढे डायनॅमिक्स एक्स्प्लोरर-२ या उपग्रहाने १९८१ ते १९८३ या काळात वारा आणि प्लाझ्मा दोन्ही मोजले, तेव्हा रात्रीच्या बाजूला दोन्हींचे वेग एकमेकांच्या जवळ आले. आणि २०२१ साली नासाच्या आयकॉन मोहिमेने वाराच प्लाझ्माच्या वेगाचे नियमन करतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एवढा पुरावा असताना शंका कशाला, असे कोणी विचारले तर त्याला हट्टी म्हणता येणार नाही.

आता उत्तरपक्ष. त्यासाठी आधी ३०० किलोमीटर उंचीवरचा एक आयन जवळून पाहू.

भारताच्या दक्षिण भागावर त्या उंचीला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण ३५,००० नॅनोटेस्ला असते. तिथला मुख्य आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू. तो चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती चार-पाच मीटर त्रिज्येच्या गिरक्या घेत असतो, सेकंदाला तीसेक. आजूबाजूच्या उदासीन अणूंशी त्याची टक्कर मात्र सेकंद-दोन सेकंदांतून एखादी. म्हणजे दोन टकरींच्या मध्ये तीस-साठ गिरक्या. अशा आयनाला वाऱ्याने पूर्वेकडे ढकलले तर तो पूर्वेकडे जात नाही. चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असल्याने तो किंचित वर सरकतो, तोही वाऱ्याच्या वेगाच्या दोनशेवा-चारशेवा हिस्सा एवढ्याच वेगाने. इलेक्ट्रॉनवर वाऱ्याचा असा परिणाम जवळजवळ होतच नाही. वाऱ्याचे प्रत्यक्ष कर्तृत्व इथे संपते: वरच्या दिशेने वाहणारा एक बारीकसा विद्युतप्रवाह.

हा प्रवाह कुठेतरी जाऊन पूर्ण व्हायला हवा. दिवसा ई थर चांगला संवाहक असतो, क्षेत्ररेषांवरून प्रवाह त्यात उतरतो आणि प्रकरण मिटते. रात्री ई थरातली इलेक्ट्रॉनांची घनता घन सेंटिमीटरला लाखाच्या आसपास होती ती हजाराच्या आसपास येते. प्रवाहाची वाट अडते, वर धन आणि खाली ऋण भार साचतो, खालच्या दिशेचे विद्युतक्षेत्र तयार होते आणि या क्षेत्रामुळे आयन व इलेक्ट्रॉन दोघेही एकाच वेगाने पूर्वेकडे निघतात. १०० मीटरच्या वेगाला हे क्षेत्र लागते मीटरला अवघे साडेतीन मिलिव्होल्ट. प्लाझ्माला क्षेत्ररेषा ओलांडून नेणारी शक्ती ही, वारा नव्हे.

इथे प्रतिपक्षाचा आक्षेप ठरलेला आहे: विद्युतक्षेत्र मधला दलाल असेल, पण मूळ धनी वाराच ना? शेवटी वेग तोच निघाला, तर वाटेतल्या दलालाची चर्चा कशाला?

कारण हा दलाल एकट्या धन्याचे ऐकत नाही. क्षेत्ररेषेच्या दिशेने प्लाझ्मा फार उत्तम संवाहक असतो, त्यामुळे एका क्षेत्ररेषेवर सगळीकडे विद्युतविभव जवळजवळ सारखाच राहतो. चुंबकीय विषुववृत्तावर ३०० किलोमीटरवर माथा असलेली क्षेत्ररेषा दोन्ही बाजूंना वाकत जाऊन सुमारे १० अंश चुंबकीय अक्षांशावर १०० किलोमीटर उंचीला टेकते. ७०० किलोमीटरवर माथा असेल तर १७ अंशांवर. या सगळ्या लांबीवर, उत्तर गोलार्धातल्या पायथ्यापासून दक्षिणेच्या पायथ्यापर्यंत, वेगवेगळे वारे वाहत असतात आणि विद्युतक्षेत्र ठरते ते या सर्वांच्या मिळून. सामाईक जमिनीच्या व्यवहारात ज्याचा हिस्सा मोठा त्याच्या म्हणण्याला वजन, तसे इथे ज्या तुकड्याची पेडरसन संवाहकता, म्हणजे क्षेत्ररेषेला आडवी संवाहकता, मोठी त्या तुकड्यावरच्या वाऱ्याला वजन. प्लाझ्माचा वेग हा फार तर या भारित सरासरीएवढा असेल. त्या जागच्या वाऱ्याएवढा तो असलाच पाहिजे, असे सांगणारा भौतिकीचा कोणताही नियम नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पाहायचा तर पन्हाळ्याला जावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या तिथल्या केंद्रावरून संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ६३० नॅनोमीटरची मंद तांबडी दीप्ती नोंदवली जाते. ही दीप्ती साधारण २५० किलोमीटरवरून येते. प्लाझ्मा कमी तिथे दीप्ती कमी, म्हणून बुडबुडे उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि चित्रामागून चित्र लावले की पूर्वेकडे सरकताना आढळतात. कोल्हापूर चुंबकीय विषुववृत्तापासून जवळपास दहा अंश उत्तरेला. तेव्हा त्या माथ्यावर २५० किलोमीटरवर जी क्षेत्ररेषा दिसते तिचा कळस दक्षिणेकडे चुंबकीय विषुववृत्तावर साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास, आणि दुसरा पाय हिंदी महासागरावर. पन्हाळ्यावरून पट्टीचा वेग मोजणारा माणूस या अख्ख्या कमानीचा वेग मोजत असतो. त्या आकड्याला ‘कोल्हापूरवरचा २५० किलोमीटरचा वारा’ म्हणणे म्हणजे सबंध गावाचा ठराव एका घरावर चिकटवणे. शिवाय बुडबुडा वाढत असताना त्याच्या आत स्वतःचे विद्युतक्षेत्र असते. तो वर धावत असतो आणि आजूबाजूच्या प्लाझ्मापेक्षा निराळ्या गतीने जातो. वाढ थांबल्यावरच तो भोवतालच्या चालीने चालू लागतो. संध्याकाळच्या चित्रांवरून काढलेला वेग आणि मध्यरात्रीच्या चित्रांवरून काढलेला वेग एकाच रकान्यात मांडणे बरोबर नाही.

हे झाले तत्त्वाचे. आता असा पुरावा, की ज्यापुढे ‘वाऱ्याबरोबर वाहतो’ हे म्हणणे उभेच राहू शकत नाही.

१९८१ साली दोन ठिकाणांहून, हिकामार्काहून आणि प्रशांत महासागरातल्या क्वाजालेन बेटावरच्या रडारवरून, एकाच अर्थाचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. सूर्यास्तानंतर एफ थराच्या वरच्या भागातला प्लाझ्मा पूर्वेकडे जात असतो, पण त्याच थराच्या तळाशी तो पश्चिमेकडे जात असतो. वारा त्या वेळी पूर्वेकडचा. म्हणजे प्लाझ्मा वाऱ्याच्या तोंडावर उलटा चाललेला! स्थानिक वाऱ्याला धनी मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. क्षेत्ररेषेच्या हिशेबात मात्र उत्तर आहे. तळाच्या क्षेत्ररेषा बुटक्या असतात, त्यांच्या संवाहकतेत ई थराचा वाटा मोठा आणि एफ थराचा किरकोळ, म्हणून एफ थरातल्या वाऱ्याचे तिथे चालत नाही. त्यातच मावळत्या दिवसाचा विषुववृत्तीय विद्युतप्रवाह रात्रीच्या कडेला येऊन अडतो आणि उभ्या दिशेच्या प्रवाहाची मागणी करतो. गेरहार्ट हेरेंडेल, व्हिन्सेंट एक्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ साली क्षेत्ररेषेवर बेरीज घेणारी समीकरणे मांडून या उलट्या वेगाचा उगम दाखवला. रात्रीच्या प्लाझ्माच्या मॉडेलचा पाया तिथे घातला गेला असे मी मानतो, आणि अभ्यासक्रमांत त्याला एक परिच्छेदही मिळत नाही याचे मला वाईट वाटते.

दुसरा पुरावा सूर्यास्ताचाच. दिवस मावळताना, रात्रीचा उतार सुरू होण्याआधी, चुंबकीय विषुववृत्तावरचा एफ थर एकदम वर उचलला जातो. सौर कमाल काळात, मार्च-सप्टेंबरच्या सुमारास हा वेग सेकंदाला ४० मीटर किंवा त्याहूनही जास्त होतो. ३० मीटर धरला तरी तासाभरात थर शंभर किलोमीटर वर. पूर्वेकडे वाहणारा आडवा वारा प्लाझ्माला वर कसा नेईल? नेत नाहीच. सूर्यास्ताच्या रेषेच्या एका बाजूला ई थर संवाहक, दुसऱ्या बाजूला तो क्षीण. त्यामुळे खालच्या दिशेचे विद्युतक्षेत्र रात्रीकडे जोरकस आणि दिवसाकडे दुबळे. अशी तफावत एकटी राहू शकत नाही. तिला जुळवून घेण्यासाठी पूर्वेकडचे क्षेत्र उभे राहते आणि तेच थराला वर उचलते. रिशबेथ यांच्या विचारातून आलेले हे स्पष्टीकरण. १९८६ साली डॉनल्ड फार्ली आणि सहकाऱ्यांनी हॉल प्रवाहाला पुढे करून दुसरे दिले. हेरेंडेल-एक्लेस यांनी विषुववृत्तीय विद्युतप्रवाहाला महत्त्व देऊन तिसरे. यांतले कोणते किती खरे, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे: वारा एका दिशेचा, प्लाझ्माची चाल काटकोनात दुसऱ्या दिशेची, आणि मधला निर्णय संवाहकतेच्या नकाशाने केलेला. थर या वेळी किती वर गेला यावरच त्या रात्री बुडबुडे फुटणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या क्षणीच वाऱ्याची उपमा निकामी ठरते.

तिसरा पुरावा वेळेचा आहे. १७ मार्च २०१५ रोजी मोठे चुंबकीय वादळ झाले. वादळाचा निर्देशांक −२२० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला. त्या संध्याकाळी भारताच्या रेखांशावर एफ थर जो वर उसळला, त्याचा अभ्यास नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह केला आणि ध्रुवीय प्रदेशातून थेट खाली पोचलेले विद्युतक्षेत्र त्याला कारणीभूत असल्याचे दाखवले. अशी क्षेत्रे मिनिटांत पोचतात. वरच्या वातावरणातला वारा वादळाला दाद देतो तो काही तासांनी. कार्य आधी आणि कारण मागाहून, असे न्यायशास्त्रात चालत नाही, भौतिकीतही नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की वादळे सोडून द्या, शांत रात्रीचे बोला. बोलू. डायनॅमिक्स एक्स्प्लोरर-२ च्याच नोंदींवरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे आर. राघवराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले की पूर्व-पश्चिम वाऱ्याचा वेग चुंबकीय विषुववृत्तावर जास्त असतो, आणि दोन्ही बाजूंच्या ज्या पट्ट्यांत प्लाझ्मा दाट साचतो तिथे कमी. भौगोलिक विषुववृत्ताशी त्याला कर्तव्य नाही. उदासीन वाऱ्याला चुंबकीय नकाशा कळण्याचे कारण काय? कारण आयन त्याला ओढून धरतात. दाट प्लाझ्मा असेल तिथे ओढ जास्त, वारा मंद. वारा आणि प्लाझ्मा यांचे वेग जवळ आले याचा अर्थ वाऱ्याने प्लाझ्माला ओढले असाच होत नाही. प्लाझ्मा सोबत निघाला म्हणून वाऱ्याचा अडथळा कमी झाला, हेही तितकेच खरे असते. साहचर्याला कारण समजण्याचा हा जुनाच हेत्वाभास आहे. राहिला आयकॉनचा पुरावा. तो तर माझ्याच बाजूचा. आयकॉनने वारा मोजला तो क्षेत्ररेषेच्या खालच्या भागांत, प्लाझ्माचा वेग मोजला तो वर उपग्रहाच्या उंचीवर, आणि तेही दिवसाच्या बाजूला. दोन्ही एकाच क्षेत्ररेषेने जोडलेले होते म्हणून संबंध सापडला. जागच्या जागी वारा आणि जागच्या जागी वेग, असे तिथे मुळात नव्हतेच.

एक गोष्ट मात्र निखालस मान्य करायला हवी. क्षेत्ररेषेच्या दिशेने वारा प्लाझ्माला खरोखरच ढकलत नेतो. उत्तर-दक्षिण वाहणारा वारा एका गोलार्धात थर वर चढवतो, दुसऱ्यात खाली उतरवतो. तेवढ्यापुरते ‘वाऱ्याबरोबर’ हे शब्द अक्षरशः खरे आहेत. आडव्या दिशेला तेच शब्द उसने नेले की गफलत होते.

ही गफलत कागदावरच राहिली असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. बुडबुड्यांमुळे उपग्रहाचे संकेत थरथरतात. आपल्या गगन या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीसाठी आयनांबर ही नेहमीची डोकेदुखी आहे. मुंबईच्या रेखांशावर दिसलेला बुडबुडा विशाखापट्टणमच्या रेखांशावर केव्हा पोचेल हा साधा प्रश्न घ्या. अंतर अकराशे किलोमीटर. वेग १०० मीटर धरला तर तीन तासांहून थोडे अधिक, १३० धरला तर दोन तास वीस मिनिटे. पाऊण तासाचा फरक पडला, तोही वेग रात्रभर तसाच राहतो असे मानून. प्रत्यक्षात तो नऊच्या सुमारास चढतो आणि पहाटेपर्यंत उतरत जातो.

सरासरीवर विसंबण्याची किंमत सी-नॉफ्स उपग्रहाने दाखवून दिली. अमेरिकी हवाई दलाने हा उपग्रह एप्रिल २००८ मध्ये सोडला तो नेमका अशा थरथरीचा अंदाज बांधता यावा म्हणून. नेमका सौर किमान काळ लागला. सूर्यास्तानंतरचा उठाव दुबळा होता, तेव्हा रूढ नियमाप्रमाणे रात्री निवांत जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात मध्यरात्रीनंतर अनियमितता दिसत राहिल्या आणि पहाटेच्या सुमारास प्लाझ्माचे मोठमोठे खळगे आढळले. एका चांगल्या उपग्रहाने ‘संध्याकाळ पाहिली की रात्र कळते’ या समजुतीचे असे वाभाडे काढले.

आता मॉडेलांकडे. काही मॉडेले विद्युतक्षेत्र बाहेरून घेतात. १९९९ सालचे शेरलीस-फेजर यांचे सरासरी वेगांचे मॉडेल त्यासाठी फार वापरले जाते. उपयुक्त आहे, पण त्यात वुडमन यांच्या काळापासून जमलेली सरासरी रात्र असते, आजची रात्र नसते. दुसऱ्या प्रकारची मॉडेले, उदाहरणार्थ अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतले सामी-३, विभवाचे समीकरण स्वतः सोडवतात. माझा कौल अर्थातच दुसऱ्या बाजूला. पण तिथेही कच्चा दुवा आहे, आणि तो वाऱ्यात नाही. तो आहे रात्रीच्या ई थराच्या संवाहकतेत. त्या हजाराच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनांना जगवतो तो पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनच्या आवरणातून विखुरलेला अतिनील प्रकाश, ताऱ्यांचा प्रकाश आणि उल्कांनी मागे ठेवलेले धातूंचे आयन. हा आकडा पाचशे की दोन हजार, यावर एफ थराचा डायनॅमो मोकळा सुटणार की निम्मा गळून जाणार हे ठरते. आणि नेमका याच आकड्याचा नियमित वेध घेणारी साधने सर्वांत कमी. कोल्हापूर आणि तिरुनेलवेली इथल्या रडारांनी वाऱ्याची उत्तम नोंद ठेवली आहे, पण ती साधारण ९८ किलोमीटरपर्यंतची. वरच्या दीप्तीची चित्रे अडीचशेच्या आसपासची. मधल्या १०० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात, जिथे रात्रीचा निकाल लागतो, तिथे आपण बहुतांशी अंदाजावर चालतो.

म्हणून या विषयावर मॉडेल चालवणाऱ्यांना आणि त्याचे निकाल वापरणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. बुडबुड्याच्या वेगाचा आलेख ‘वाऱ्याचा वेग’ या शीर्षकाखाली छापू नका. आणि मॉडेलचा निकाल देताना त्या रात्रीसाठी क्षेत्ररेषेवरच्या ई आणि एफ थरांच्या संवाहकतेचे गुणोत्तर किती धरले, तो आकडा सोबत छापा. तो नसेल तर वाचकाने निकाल मोजमाप म्हणून स्वीकारू नये.